शलाका ते मतचाचणी : अल्पसंख्याकांचे मत कसे विचारावे?

कराडलगतच्या मलकापुरातून आगाशिवाचा डोंगर सहज दृष्टीस पडतो. जखिणवाडीच्या बाजूने वर गेले की तेथील प्राचीन बौद्ध लेणी लागतात. त्यांपैकी एका ब्राह्मी लेखात गोपालाचा पुत्र संघमित्र याने लेणे दान दिल्याची नोंद आहे. दात्याचे नाव असे शिलेवर कोरले गेले. मात्र या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंपैकी कोणी कोणत्या वादात कोणत्या बाजूस मत दिले, याची नोंद कोठेही नाही. दान उघड असावे आणि मत प्रसंगी गुप्त असावे, हा विवेक विनयपिटकात स्पष्टपणे आढळतो. आजच्या निवडणूक चाचण्यांचे आकडे वाचताना या विवेकाचे स्मरण ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

चुल्लवग्गाच्या समथक्खन्धकात 'येभुय्यसिका' म्हणजे बहुमताने वाद मिटविण्याची पद्धती वर्णिलेली आहे. मतासाठी रंगाने वेगळ्या ओळखू येणाऱ्या शलाका, म्हणजे काड्या, वापरीत. त्या देणारा भिक्षू म्हणजे 'सलाकगाहापक'. छंद, द्वेष, मोह आणि भय यांनी तो वाहवत जाणारा नसावा, तसेच कोणती शलाका घेतली गेली व कोणती नाही हे त्याला समजावे, अशी पाच अंगांची अट आहे. मत घेण्याचे प्रकार तीन : 'गूळ्हक' म्हणजे गुप्त, 'सकण्णजप्पक' म्हणजे कानात सांगून आणि 'विवटक' म्हणजे उघड. मत कोणते आले याच्या आधी ते कोणी विचारले आणि कसे विचारले, हे पाहण्याची ही शिस्त होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बौद्ध संघातील या संसदीय रीतींचा, त्यांत मतदानाचाही, उल्लेख केला होता, हे वाचकांस विदित आहेच.

अल्पसंख्याकांची मोजणी हा आपल्याकडे जुना वादविषय आहे. १९३२ साली लोथियन समितीपुढे अस्पृश्य किती, यावरच वाद माजला आणि समितीचे सदस्य या नात्याने बाबासाहेबांना स्वतंत्र टिपण जोडावे लागले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मोजणीचे स्वरूपच पालटले. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या भूभागात जेमतेम काही हजार बौद्ध होते, ते १९६१ साली २७,८९,५०१ झाले. २०११ साली ही संख्या ६५,३१,२०० म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या ५.८१ टक्के होती.

आता मतचाचणीचा विचार करू. भारतात १९५० च्या दशकात एरिक द कोस्टा यांच्या संस्थेने मतचाचण्यांचा आरंभ केला आणि रजनी कोठारी यांनी १९६३ साली स्थापन केलेल्या दिल्लीच्या विकासशील समाज अध्ययन केंद्राने १९६७ पासून निवडणुकांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. नमुना नीट निवडला तर थोड्यांच्या उत्तरावरून अनेकांचा कल कळतो, हे शास्त्र खरे आहे. तथापि बौद्ध मतदारांपाशी येताच तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण नावाची. एकच मतदार एका तक्त्यात 'दलित', दुसऱ्यात 'अनुसूचित जाती' आणि तिसऱ्यात 'इतर धर्म' या रकान्यात जातो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींचा दर्जा मिळाल्यावर हे रकाने एकमेकांत अधिकच मिसळले. दुसरी अडचण संख्येची. राज्यातील दोन हजार मतदारांचा नमुना घेतला तर त्यात बौद्ध साधारण ११६ येतील. एवढ्यांवरून काढलेला निष्कर्ष नऊ टक्क्यांपर्यंत इकडे वा तिकडे झुकू शकतो. तरीही निकालाच्या रात्री 'बौद्ध मते अमुक टक्के अमुक पक्षाला' असे ठामपणे सांगितले जाते.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. वस्तीच्या तोंडाशी कोणी अनोळखी इसम वही घेऊन उभा राहतो, भोवती चार माणसे जमतात. ज्याच्या शेतावर उद्या मजुरीला जायचे, त्याचा माणूसही त्यांत असतो. अशा वेळी दिलेले उत्तर 'विवटक' ठरते. मतदार गप्प राहतो किंवा समोरच्याला रुचेल ते बोलतो, आणि तक्त्यात त्याची गणना 'अनिश्चित' अशी होते. वस्तुतः त्याचा निश्चय झालेला असतो, केवळ उच्चार झालेला नसतो. उपरोक्त केंद्राने यावर उपाय म्हणून नकली मतपत्रिका व पेटी वापरली. मतदाराने स्वतः खूण करून पत्रिका पेटीत टाकावयाची. ही 'गूळ्हक' रीतीच होय.

२००४ साली बहुतेक चाचण्या केंद्रातील सत्तांतर ओळखू शकल्या नाहीत. २०२४ च्या लोकसभेत अनेकांनी सत्ताधारी आघाडीस ३५० हून अधिक जागा दिल्या, प्रत्यक्षात २९३ आल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीस, १७ महायुतीस आणि शेजारच्या सांगलीची एक अपक्षास मिळाली. त्याच वर्षीच्या विधानसभेत मात्र महायुतीच्या विजयाचा आकार बहुतेकांनी कमी लेखला. चूक दोन्ही दिशांनी झाली. म्हणून प्रत्येक अपयशाचे कारण दलितांचे मौन, असे म्हणणे अभ्यासास धरून होणार नाही.

गुप्ततेचा प्रश्न मोजणीच्या टेबलावरही येतो. मतदानयंत्रांमुळे केंद्रनिहाय आकडे उघड होतात आणि लहान वस्तीचे मत कोठे गेले हे गावास कळते. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणाऱ्या 'टोटलायझर' यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली मांडला आणि विधी आयोगाने २०१५ साली त्यास दुजोरा दिला, परंतु केंद्र शासनाने तो स्वीकारला नाही.

येथे एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. चुल्लवग्गात गुप्त मत घेताना अधर्मवादी अधिक निघाले, तर शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत असे ठरवून त्या परत घ्याव्यात, अशी मुभा सलाकगाहापकास आहे. म्हणजे विचारणाऱ्याच्या मनात अपेक्षित उत्तर आधीच असू शकते. धम्माच्या निर्णयात या मुभेचे समर्थन कोणी करील, परंतु नागरिकांच्या मतगणनेत तिला स्थान नाही. बाहेरच्या चाचण्यांवर टीका करणारे आपले कार्यकर्तेही 'समाज एकगठ्ठा आपल्याच मागे' असे न मोजता सांगतात आणि त्या बळावर जागावाटपाच्या बैठकीस बसतात. तेथेही छंद आणि मोह हेच दोष असतात.

पुढील निवडणुकीत एखादा आकडा समोर आला, तर वाचकांनी चार प्रश्न विचारावेत : विचारणारा कोण होता, किती बौद्धांना विचारले, त्यांना कोणत्या रकान्यात घातले, आणि उत्तर देताना जवळ कोण उभे होते? यांची उत्तरे मिळत नसतील, तर तो आकडा समाजाचे मत म्हणून स्वीकारू नये, मग तो आपल्याला कितीही अनुकूल असो.