नवेगावबांध जलाशयाकडे जाण्याचे मार्ग

नवेगावबांध हा गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील, डोंगरांनी वेढलेला जुना जलाशय होय. तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. हिवाळी पक्ष्यांसाठी तो प्रसिद्ध आहे.

नागपूरहून, त्यातही बेसासारख्या दक्षिणेकडील वस्तीतून निघणाऱ्यास रस्ताच सोयीचा. राष्ट्रीय महामार्ग ५३ ने भंडारा व साकोलीवरून कोहमारा गाठावे आणि तेथून दक्षिणेकडे वळावे. महामार्गावर एस.टी. गाड्या पुष्कळ असतात. कोहमाऱ्यापुढे त्या मानाने कमी. त्यामुळे परतीच्या गाडीची वेळ तेथे उतरतानाच विचारून ठेवणे इष्ट.

रेल्वेचा प्रवास नकाशावर दिसतो तितका सरळ नाही. गोंदिया–बल्लारशा मार्गावरील देवलगाव हे स्थानक जलाशयाला सर्वांत जवळचे. परंतु तेथे पोहोचण्यासाठी नागपूरकराला आधी ईशान्येस गोंदियापर्यंत जावे लागते आणि गाडी बदलून पुन्हा दक्षिणेस उतरावे लागते. इतवारी–नागभीड नॅरोगेज गाडी होती तोवर नागभीडकडूनही येता येई. रुंदीकरणासाठी तो मार्ग २०१९ मध्ये बंद करण्यात आला.

नावांच्या सारखेपणामुळे घोटाळा होण्याचा संभव आहे. नुसते ‘नवेगाव’ म्हटल्यास पारशिवनी तालुक्यातील नवेगाव खैरी धरण किंवा ताडोब्याचे नवेगाव प्रवेशद्वारही समजले जाते. म्हणून चौकशी करताना ‘बांध’ हा शब्द गाळू नये. अर्जुनीही दोन आहेत. सडक अर्जुनी कोहमाऱ्याजवळ महामार्गावर आहे, तर अर्जुनी मोरगाव जलाशयाच्याही पुढे, दक्षिणेस आहे.