घाट उतरणारी गाडी आणि ब्रेकची गोष्ट

विंचूरच्या मुलांना जवळचे रेल्वे स्टेशन म्हणजे लासलगाव. तिथून मुंबईकडे निघालेली गाडी इगतपुरीनंतर थळ घाटात शिरते आणि कसाऱ्यापर्यंत सुमारे ३०० मीटर खाली उतरते. सर्वांत तीव्र उतार ३७ मीटरला १ मीटर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८६५ मध्ये हा मार्ग खुला केला. घाट चढण्याचे कौतुक सर्वांना असते. खरी परीक्षा मात्र उतरताना होते.

१००० टनांची गाडी घेऊ. ३०० मीटर उतरताना तिची सुमारे २९४ कोटी ज्यूल स्थितिज ऊर्जा कमी होते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना तिची गतिज ऊर्जा असते जेमतेम साडेतीन कोटी ज्यूल. म्हणजे वेग वाढू द्यायचा नसेल, तर उरलेल्या ऊर्जेचा मोठा भाग ब्रेकनेच उष्णतेत बदलायला हवा. २९४ कोटी ज्यूल उष्णतेने ९ टनांहून अधिक पाणी २५ अंशांवरून उकळीला येईल!

इथे ड्रॅग शर्यतीच्या मोटारीशी तुलना करून पाहा. सरळ रस्त्यावर काही सेकंद धावणाऱ्या या मोटारीचा वेग दुप्पट केला, तर गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणून इंजिन सुधारणाऱ्याला ब्रेकही सुधारावे लागतात. मोटारीला ही ऊर्जा एकदाच, शर्यत संपल्यावर घालवायची असते. घाटातल्या गाडीला ती सतत घालवावी लागते.

सुरुवातीच्या गाड्यांत ठरावीक डब्यांवर माणसे बसत आणि इंजिनाच्या शिटीवर हाताने ब्रेक आवळत. एकाला उशीर झाला, की सगळ्यांचा जीव धोक्यात. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये दाबाखालच्या हवेवर चालणारा ब्रेक आणला. पण त्यात एक मोठी उणीव होती : नळी तुटली, की ब्रेक नाहीसा! १८७२ मध्ये त्याने युक्ती उलटी केली. प्रत्येक डब्याला हवेची स्वतंत्र टाकी दिली. नळीतला दाब घटला, की टाकीतली हवा ब्रेक आवळते. गाडी तुटली तरी दोन्ही तुकडे आपोआप थांबतात.

ही युक्ती किती मोलाची आहे, हे १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे दिसले. चढावर अडकलेली गाडी तोडून दोन भाग केले गेले. तिचा निर्वात ब्रेक स्वयंचलित नव्हता. मागचे डबे उतारावरून घसरत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले आणि सुमारे ८० माणसे दगावली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचे झाले.

भारतात दीर्घकाळ स्वयंचलित निर्वात ब्रेक वापरले गेले. त्यांची मर्यादा निसर्गानेच घालून दिलेली आहे : बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम, त्यापेक्षा जास्त दाबफरक मिळणारच नाही. हवेच्या ब्रेकच्या नळीत दाब ५ पर्यंत ठेवता येतो. लांब, जड गाड्या आल्या तसे निर्वात ब्रेक मागे पडले.

दरम्यान घाटाने आणखी एक धडा दिला. १९२८ पासून आलेली 'क्रोकोडाइल' विद्युत इंजिने घाट उतरताना आपल्या मोटारींचे जनित्र करीत. उतरणाऱ्या गाडीची ऊर्जा तारेत परत जाई आणि चढणाऱ्या गाडीच्या कामी येई. एवढे करूनही घाटात चुकार गाडीसाठी चढावर नेणारा वेगळा रूळ ठेवलेला असतो. तिथे ब्रेकचे काम गुरुत्वाकर्षणच करते.

वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा : सायकलवरून उतार उतरल्यावर रिमला हात लावला तर ती गरम का लागते? ऊर्जा नाहीशी होत नाही. ती कुठे न्यायची, हे ठरवण्याचा इतिहास म्हणजेच ब्रेकचा इतिहास.