मोसंबीच्या रसाचा चमचा आला कुठून?



बाळ चार महिन्यांचं झालं की घरात मोसंबी येते. सासूबाई म्हणतात, "आम्ही सगळ्या पोरांना रस पाजला." डॉक्टर म्हणतात, वर्षाच्या आत थेंबही नको. मधल्या मधे सून अडकते. या चमच्याचा इतिहास वाचला तेव्हा मला जाणवलं की सासूबाईंनी हे मनानं काढलेलं नाही. एकेकाळी डॉक्टरच हे सांगत होते.

गोष्ट इंग्लंडपासून सुरू होते. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुखवस्तू घरांतली तान्ही बाळं आजारी पडू लागली. हिरड्या सुजायच्या, पायाला हात लावला तरी बाळ किंचाळायचं. लोकांना तो मुडदूस वाटायचा. 1883 मध्ये थॉमस बार्लो या डॉक्टरांनी दाखवून दिलं की ही स्कर्व्ही आहे, खलाशांना होणारीच. अंगावर पिणाऱ्या बाळांना ती सहसा होत नव्हती. होत होती ती डब्याच्या दुधावर आणि तयार पिठांवर वाढणाऱ्यांना. म्हणजे पैसा होता, म्हणूनच हा आजार घरात आला!

पुढे शहरांत दूध तापवून, जंतू मारून विकायला लागले. त्यानं जुलाबानं दगावणारी कितीतरी बाळं वाचली. पण गाईच्या दुधात मुळात थोडं असलेलं क जीवनसत्त्व तापवल्यावर आणखी कमी होतं. ती भर काढायला संत्र्याचा रस आला.

हे पक्कं कसं झालं, ते वाचून मात्र मी बराच वेळ अस्वस्थ होते. न्यूयॉर्कच्या एका बालकाश्रमात डॉ. आल्फ्रेड हेस यांनी पहिल्या महायुद्धाच्या आसपास काही बाळांचा रस बंद ठेवला. स्कर्व्ही दिसू लागली. रस दिल्यावर ती गेली. 1921 मध्ये 'द नेशन' या साप्ताहिकात यावर कडक टीका छापून आली. ज्ञान खरं होतं, त्यानं पुढे अनेकांचं भलंही झालं. पण दुखणं सोसलं ते ज्यांच्यासाठी भांडायला घरचं कोणी नव्हतं अशा लेकरांनी. अहिंसेचं नाव घेणाऱ्या आपण हा भाग गाळून पुढे जाऊ नये.

नंतर व्यापारी आले. कॅलिफोर्नियात संत्री उदंड पिकली, तेव्हा 1916 मध्ये बागायतदारांच्या संघानं 'संत्रं प्या' अशी जाहिरात केली. खाण्यापेक्षा पिण्यात एका वेळी जास्त फळं खपतात, साधा हिशेब. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारनं लहान मुलांसाठी संत्र्याच्या घट्ट रसाच्या बाटल्या दिल्या. औषधाचा चमचा असा हळूहळू पेला झाला.

चमचा राहिला, कारण मात्र गेलं. आईचं दूध असेल आणि आई नीट जेवत असेल तर बाळाला क जीवनसत्त्व मिळतं. आजच्या डब्याच्या दुधात ते घातलेलंच असतं. उलट रसानं पोट भरतं आणि दूध कमी जातं, दातही किडतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2001 मध्ये सहा महिन्यांच्या आत रस नको म्हटलं, 2017 मध्ये ती मर्यादा एका वर्षावर नेली. आपल्याकडची बालरोगतज्ज्ञांची संघटना तर दोन वर्षांपर्यंत टाळा म्हणते, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर 125 मिली.

एका मैत्रिणीनं विचारलं, "मग अक्षय्य तृतीयेचा उसाचा रस?" अगं, राजा श्रेयांसानं हस्तिनापूरला भगवान ऋषभदेवांना दिलेला इक्षुरस हे दीर्घ तपानंतरचं पारणं होतं. आपल्या नातवानं अजून कुठलं तप केलंय!

सासूबाईंना मोसंबी आणायला नाही म्हणू नका. सहा महिने पूर्ण झाले, वरचं खाणं सुरू झालं की फोडीची साल आणि बिया काढून गर बोटांनी कुस्करायचा आणि चमच्यानं भरवायचा. गाळणीत जो चोथा राहायचा, तोही आता बाळाच्या पोटात जातो. आणि भरवायला आजीच लागते, कारण एका फोडीला पंधरा मिनिटं जातात.