प्रवाळ मत्स्यालयातील जलशुद्धीकरण

प्रवाळ मत्स्यालयाचे पाणी शुद्ध राखण्यासाठी प्रोटीन स्किमर आणि रेफ्युजियम ही दोन साधने वापरली जातात. स्किमर खाऱ्या पाण्यात हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतो. मत्स्यविष्ठा व उरलेल्या खाद्यातील सेंद्रिय द्रव्ये त्यांना चिकटून, कुजण्यापूर्वीच, फेसासह वरच्या पेल्यात जमा होतात. आधीच तयार झालेले नायट्रेट मात्र तो काढू शकत नाही. ते काम रेफ्युजियमचे. या जोडटाकीतील कीटोमॉर्फासारखे शैवाल नायट्रेट व फॉस्फेट शोषून वाढते. ते वेळोवेळी काढून टाकावे लागते. तेथेच कुजू दिल्यास शोषलेले सारे पाण्यात परतते. या टाकीचा दिवा रात्री लावल्यास पाण्याचा सामू फारसा घसरत नाही.

नांदेड जिल्ह्यातील भोकरसारख्या समुद्रापासून दूरच्या गावी लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार मिसळून समुद्रजल तयार करावे लागते. त्यामुळे वारंवार पाणी बदलणे खर्चिक ठरते व रेफ्युजियमचे महत्त्व वाढते. तथापि मे महिन्यात येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. अशा वेळी पाण्यात हवा मिसळणारा स्किमर अधिक उपकारक होय. वीज गेल्यास दोन्ही थांबतात. बॅटरीवर चालणारा हवापंप म्हणून आवश्यकच.

या निवडीआधीचा प्रश्न कायद्याचा आहे. मालवणसह भारतीय समुद्रातील दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून ते काढण्यास मनाई आहे.