डॉ. नोशिर अंतिया : रोग गेल्यानंतर उरलेला माणूस

सोनाळ्यात बोलायचं म्हणून आज तत्त्वज्ञानातला एक प्रश्न घेतो, पण दवाखान्याच्या दारातून. रोग गेला म्हणजे माणूस बरा झाला का?

१९४०च्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे कुष्ठरोगावर डॅप्सोन वापरात आलं. जंतू आटोक्यात येऊ लागला. पण तोवर त्याने नसांना इजा केलेली असे. कोपराजवळची नस गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळतं, त्या बाजूची जाणीव जाते. तापलेला तवा हाताला लागला तरी कळत नाही. जखम चिघळते, बोट झिजतं. लोक म्हणतात, रोगाने बोटं झडली. खरं तर ती जातात दुखत नाही म्हणून! वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिलं, आणि वळलेली बोटं शस्त्रक्रियेने कामाला लावता येतात हेही.

महाराष्ट्रात हे काम पुढे नेलं डॉ. नोशिर अंतिया यांनी. जन्म १९२२, हुबळीचा, घर पारशी. प्लास्टिक सर्जरी ते इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे शिकले. गिलीज म्हणजे पहिल्या महायुद्धात सैनिकांचे फाटलेले चेहरे जुळवणारे सर्जन. परतल्यावर अंतियांनी ती विद्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात आणली. बसलेलं नाक, न मिटणारी पापणी, वाकडा हात.

इथे थांबून विचार करा. टाका तोच. पण सैनिकाचा व्रण म्हणजे पराक्रम आणि कुष्ठरुग्णाचा व्रण म्हणजे पाप! हा फरक शरीरात आहे का? नाही. तो बघणाऱ्याच्या डोळ्यात आहे. म्हणून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी विभाग उभारताना अंतियांनी कुष्ठरुग्णांवर सर्वसाधारण रुग्णालयातच उपचार केले, ही माझ्या मते त्यांची सर्वात मोठी शस्त्रक्रिया. तिथे कापायची होती ती भीती.

पण सर्जन एका वेळी एकच हात दुरुस्त करतो. नस जाण्याआधी रोग ओळखला, तर शस्त्रक्रियेची वेळच बहुधा येत नाही. आणि सुरुवातीचा बधिर चट्टा कोण बघणार? मुंबईचा सर्जन नव्हे, शेजारची बाई! या विचाराने ते गावाकडे वळले. अलिबागजवळ मांडव्याला त्यांनी गावातल्याच, फारसं न शिकलेल्या बायकांना आरोग्यकाम शिकवलं. १९७५ साली संशोधनासाठी आणि लोकांच्या आरोग्यासाठी अशा दोन संस्था काढल्या. २००७ साली ते गेले.

कायदा मात्र हळू चालला. निराधार कुष्ठरुग्णाला पकडून डांबण्याची मुभा देणारा १८९८चा कायदा रद्द झाला २०१६ साली. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत कुष्ठरोगमुक्त व्यक्ती आहे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण राहिलं नाही, ते २०१९ पासून.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. जंतू गेला की रोग बरा होतो. माणूस बरा होतो तो त्याला पुन्हा मजुरी मिळते, पंगतीत पान मिळतं तेव्हा. पहिलं काम गोळ्यांचं, दुसरं तुमचं-माझं. अंगावर फिकट चट्टा असेल आणि तिथे टोचलेलं कळत नसेल, तर लाजू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषध फुकट आहे, साधारण सहा ते बारा महिन्यांचं. आणि घरातला, गल्लीतला कुणी ते घेत असेल, तर त्याचा चहाचा कप वेगळा ठेवू नका.