रकान्यांचा करार

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या मालाचा मार्ग ज्या काळी अर्धा पाण्यावरून आणि अर्धा डोंगरावरून होता, त्या काळी पनवेल हे त्या दोन अर्धांच्या सांध्यावर वसलेले गाव होते. भरतीच्या पाण्याबरोबर खाडीतून गलबते आणि पडाव वर येत, बंदरावर माल उतरे, आणि तेथून तो बैलांच्या पाठीवर चढून बोरघाटाकडे मार्गस्थ होई. १८३० साली घाटातून गाड्यांचा रस्ता खुला होईपर्यंत ही वाहतूक बव्हंशी लमाणांच्या तांड्यांच्याच स्वाधीन होती. गलबताच्या पोटात माल कसाही रचता येतो, परंतु घाटाच्या पाऊलवाटेवर बैलामागे बैल असेच चालावे लागते. म्हणजे बंदरावर जे काम चाले ते मूलतः एकच होते: ढिगाची रांग करावयाची, आणि घाटमाथ्यापलीकडच्या पेठेत त्या रांगेचा पुन्हा तोच ढीग उभा करता यावा एवढी याद सोबत द्यावयाची. गोण किती, आत काय, कोणाची, कोणास पावती करावयाची, हे त्या यादीवर असे. परंतु ती वाचावी कशी, पहिला आकडा गोणींचा की मणांचा, हे मात्र यादीवर लिहिलेले नसे. ते धाडणारा आणि घेणारा यांच्यात आधीच ठरलेले असे.

संगणकाच्या क्षेत्रात वावरणारी आजची मंडळी याच कामाला ‘सीरियलायझेशन’ म्हणतात, आणि यादी वाचण्याचा जो करार आधी ठरतो तो ज्या भाषेत लिहितात तिला ‘इंटरफेस डिस्क्रिप्शन लँग्वेज’ असे भारदस्त नाव देतात. एका यंत्राच्या स्मृतीत पसरलेला माहितीचा ढीग तारेवरून एकापाठोपाठ एक अशा अंकांच्या रांगेने दुसऱ्या यंत्राकडे जातो, आणि तेथे करारनामा पुढे ठेवून त्याचा पूर्ववत् ढीग केला जातो. नोंद निराळी आणि करार निराळा, हा या विद्येतला पहिला विवेक होय. आणि जे करारात एकदा लिहून झाले ते प्रत्येक नोंदीत पुन्हा लिहू नये, हा दुसरा. हा विवेक आपल्या दफ्तरांना यंत्रांच्या पुष्कळ आधी साधला होता.

देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी असलेला हेमाद्रि, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो, तो ‘श्रीकरणाधिप’ होता, म्हणजे राज्याच्या लेखनविभागाचा मुख्य. मोडी लिपीचे जनकत्व परंपरा त्याला देते. त्याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. परंतु ‘मेस्तक’ या नावाने त्याच्याकडे बोट दाखवणारी जी छोटी प्रकरणे दफ्तरांतून चालत आली, त्यांचा हेतू स्पष्ट आहे. कोणाला कोणत्या मायन्याने लिहावे, हिशेब कसा मांडावा, याचा तो शिरस्ता होय. मेस्तकात कोणत्याही एका गावाचा हिशेब नाही, आणि म्हणूनच ते प्रत्येक गावाच्या हिशेबाला लागू पडते. करार हा नोंदींपासून सुटा काढून वेगळ्या पोथीत ठेवता येतो, आणि तो पाठ असलेला कारकून कधीही न पाहिलेल्या परगण्याचा कागद वाचू शकतो, ही त्यामागची जाण होती.

मराठेशाहीचे एखादे पत्र हाती घेतले म्हणजे त्या जाणिवेचे फळ दिसते. माथ्यावर ‘श्री’, मग मायना, मग ‘विशेष’ म्हणून मुख्य मजकूर, शेवटी ‘जाणिजे’ आणि ‘छ’ या एकाक्षरी खुणेपुढे चंद्रमासाची तारीख; प्रत्येक भागाला ठरलेली जागा, आणि एक भाग कोठे संपून दुसरा कोठे लागला हे सांगणारा ठरलेला शब्द. शिवछत्रपतींच्या पत्रांत आरंभी मुद्रा असे आणि अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ हा शिक्का. पुढे ‘मोर्तब सूद’ आणि ‘लेखनसीमा’ हे शब्द त्याच कामी आले. ‘मर्यादा’ आणि ‘सीमा’ या शब्दांची निवड विचारपूर्वक आहे. मोडीची ओळ अखंड धावते, तिच्यात शब्द तोडून लिहिण्याचा रिवाज नाही. अशा कागदाच्या शेवटी कोणी चार ओळी मागाहून घुसडल्या तर त्या ओळखाव्या कशा? सीमेचा शिक्का पडला की त्याखालचा मजकूर धन्याचा नव्हे, हे वाचणाराला आपोआप कळे. संदेश संपला, हे संदेशातच सांगावे लागते. तारेवरून अंक धाडणाऱ्यांना ही गोष्ट पुन्हा नव्याने शिकावी लागली.

त्याच पत्रांतली सालाची नोंद तर अधिकच उद्बोधक आहे. सुहूर सन हा अरबी संख्याशब्दांत लिहीत, आणि त्यात एकं स्थान आधी, मग दहं, मग शतं, मग सहस्र असा क्रम असे. ‘सबा अशरीन मया व अलफ’ म्हणजे सात, वीस, शंभर आणि हजार, अर्थात ११२७. आपल्या ‘सत्तावीस’ शब्दातही सात आधीच येतो, त्यामुळे मराठी कानाला हा क्रम खटकला नसावा. परंतु संख्येचे कोणते टोक आधी लिहावे या प्रश्नावर संगणक बनवणाऱ्यांत एवढे वाद माजले की १९८० साली डॅनी कोहेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्या दोन पक्षांना, गलिव्हरच्या प्रवासकथेतल्या अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून लढणाऱ्या बुटक्यांची नावे दिली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने यंत्रायंत्रांत माहिती नेण्यासाठी केलेला ‘एक्सडीआर’ नावाचा शिरस्ता १९८७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात मोठे टोक आधी असा निवाडा करून टाकला. वास्तविक दोन्ही टोके सारखीच बरी. टोक एकदा ठरवले पाहिजे आणि मग सर्वांनी ते पाळले पाहिजे, एवढेच काय ते त्यातले तत्त्व.

रूढ झालेला शिरस्ता न मोडता त्यातली नावे पालटण्याचा प्रयोगही आपल्याकडे झाला. रघुनाथपंत हणमंते यांनी शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने रचलेल्या राज्यव्यवहारकोशात कारभारातल्या सुमारे चौदाशे यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला. परंतु जमेच्या जागी जमाच राहिली आणि बाकीच्या जागी बाकी. नाव पालटले तरी रकाना जागचा हलला नाही, म्हणूनच राज्याचा कारभार अडला नाही.

पेशवाई बुडाल्यावर पनवेलचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी जमिनीचे दप्तर नव्याने बांधावयास घेतले. त्या उद्योगाच्या आरंभी प्रिंगल नावाच्या विद्वान अधिकाऱ्याने पुणे प्रांतात प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवण्याचा जो प्रयत्न केला, तो त्यातल्या गणिताच्या अतिसूक्ष्मतेपायीच बव्हंशी फसला. कागदावर निर्दोष असलेली आकडेमोड बांधावर उभ्या असलेल्या कारकुनाला पेलण्यासारखी नव्हती. १८३५ पासून इंदापुराकडे गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मांडलेली पद्धत त्यामानाने बाळबोध होती. देशावरच्या जमिनीचा रंग आणि खोली पाहून तिला सोळा आण्यांपासून खाली उतरणारी प्रत द्यावयाची, आणि चुनखडी, वाळू, उतार, पाणथळपणा असा एकेक दोष आढळला की त्याची ठरलेली खूण करून प्रत एका पायरीने उतरवावयाची. शेताचा नकाशा चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीत दोनचार खुणा केल्या की त्या भूमीचे सारे चरित्र तळहाताएवढ्या कागदावर मावे. प्रिंगलचे ज्ञान कमी नव्हते. परंतु जो नमुना भरणाराच्या आवाक्याबाहेर असतो तो खोट्या नोंदींनी भरला जातो, हे त्याच्या पराभवाने सिद्ध केले.

मोजणीने शेत ओळखता येऊ लागले, शेतकरी मात्र ओळखता येईना. त्यासाठी १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि १९१३ साली तो जमीन महसूल अधिनियमात समाविष्ट झाला. अँडरसन या अधिकाऱ्याने गाव, तालुका आणि जिल्हा यांच्या महसुली हिशेबांची जी नियमपुस्तिका सिद्ध केली, ती कारकुनांच्या पिढ्यान्पिढ्यांनी ‘अँडरसन मॅन्युअल’ म्हणून पाठ केली, आणि तीतूनच आज आपल्याला परिचित असलेले एक ते एकवीस हे गाव नमुने रूढ झाले. एकमध्ये आकारबंद, सहामध्ये फेरफार, सातमध्ये अधिकार अभिलेख, आठ-अ मध्ये खातेदाराची एकूण धारण जमीन, बारामध्ये पिके. हेमाडपंताच्या मेस्तकाचे हे विसाव्या शतकातले रूप होय.

या नमुन्यांच्या रचनेत तीन गोष्टी लक्षपूर्वक पाहण्याजोग्या आहेत. पहिली अशी की त्यांची खरी ओळख अंकाने होते. सातव्या आणि बाराव्या नमुन्याचा एकत्र उतारा तो ‘सातबारा’, आणि त्या नमुन्यांची अधिकृत नावे ठाऊक नसलेला शेतकरीही ‘सातबारा कोरा करा’ अशी घोषणा देतो. दुसरी अशी की नवी गरज उत्पन्न झाली म्हणून जुने अंक कोणी सरकवले नाहीत. कुळवहिवाटीसाठी सात-अ झाला, वारसांसाठी सहा-क झाला, पोटहिश्श्यांसाठी सहा-ड झाला, आणि जुना सात व जुना सहा होते तेथेच राहिले. तिसरी अशी की केलेली नोंद खरवडून काढावयाची नाही. हस्तलिखित उताऱ्यांच्या काळी मालक पालटला की जुन्या नावाला कंस करावयाचा, नवे नाव खाली लिहावयाचे आणि ज्या फेरफाराने हा पालट झाला त्याचा क्रमांक वर्तुळात घालावयाचा. मंडळ अधिकाऱ्याने तो फेरफार प्रमाणित करीपर्यंत नोंद शिसपेन्सिलीची असे, नंतर शाईची. आणि लिहिण्यासारखे काहीच नसेल तेथेही रकाना कोरा सोडावयाचा नाही, ‘निरंक’ लिहावयाचे. कारण कोरी जागा ही विस्मृती असू शकते, निरंक हे विधान असते.

गूगल कंपनीने २००८ साली ‘प्रोटोकॉल बफर्स’ नावाचा जो करार सर्वांसाठी खुला केला, त्यात यांपैकी पहिले दोन नियम जवळजवळ तसेच आढळतात. तेथेही रकान्याचे नाव तारेवरून जात नाही, त्याचा अंक तेवढा जातो. रकाना रद्द झाला तर त्याचा अंक राखून ठेवावा, दुसऱ्या कामी कदापि लावू नये, अशी तेथेही सक्त ताकीद आहे. आपल्याकडेही २०२४ साली शासनाने हे नमुने राखणाऱ्या तलाठ्याच्या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे केले, तरी सात हा सातच राहिला.

परंतु या सुबक व्यवस्थेची दुसरी बाजू सांगितल्यावाचून तिचा इतिहास पुरा होत नाही. ज्या गोष्टीला रकाना नाही ती गोष्ट दफ्तराच्या दृष्टीने जगातच नाही. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, खोताची जमीन पिढ्यान्पिढ्या कसणारे कूळ हे असेच रकान्याबाहेरचे होते. अलिबाग तालुक्यातल्या चरी येथे १९३३ पासून सहा वर्षे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जो संप केला आणि त्याच पर्वात १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे जे विधेयक मांडले, त्यांतली मागणी धान्याच्या वाट्याची होती तशीच ती नोंदीचीही होती, असे मला वाटते. १९३९ च्या कायद्याने कुळाला संरक्षण मिळाले, १९४८ च्या कायद्याने ते दृढ झाले, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून त्या दिवशी जो कसत होता त्याला मालक मानण्याचे तत्त्व आले. सात-अ हा नमुना म्हणजे त्या झगड्याचा कागदावर उमटलेला वण आहे.

पनवेलकरांना याची प्रचीती त्यानंतर लवकरच आली. १७ मार्च १९७० रोजी ‘सिडको’ या शहरविकास महामंडळाची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. भातखाचरांचा, मिठागरांचा हा सगळा ढीग एकाएकी उताऱ्यांच्या रांगेत उभा राहिला. ज्याचे नाव सातव्या नमुन्यात, तो भूधारक. ज्याचे नाव आजोबांच्या कंसातून पुढे सरकलेच नाही, त्याला आधी आपले असणे सिद्ध करणे भाग. आणि मिठागरात राबणारा मजूर किंवा खाडीवर जगणारा कोळी यांची भरती-ओहोटी कोणत्याच सर्वे नंबरात बसत नव्हती. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ भूधारकास परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून रुजले. तेथेही ‘मूळ भूधारक’ कोण, हे विचारावयाचे ते पुन्हा उताऱ्यालाच.

२०२० साली सातबाऱ्याचे रूप पालटले. गावाच्या नावापुढे गावाचा संकेतांक आला, खातेदाराच्या नावासमोर खाते क्रमांक आला, आणि मयत खातेदारांच्या नावांभोवतीचे कंस जाऊन त्यांच्यावर आडवी रेघ आली, जेणेकरून नाव रद्द झालेले दिसावे आणि तरीही वाचता यावे. पनवेल तालुक्यातल्या कित्येक उताऱ्यांवरची शेते आता इमारतींखाली आणि रस्त्यांखाली गेली. परंतु आडव्या रेघेखालचे नाव अजून वाचता येते, आणि ज्याने ते प्रथम लिहिले त्या कारकुनाची आणि वाचणाराची कधी भेट झालेली नसताना ते बिनचूक कळते. बंदरावरच्या यादीकडून अपेक्षा होती ती एवढीच, आणि ती पुरी झाली आहे. मात्र घाट चढताना जी गोण यादीत घ्यावयाची राहून गेली ती बंदरावरच पडून राहिली, आणि घाटमाथ्यावर यादी ताडून पाहणाराला काही कमी पडले आहे असे कधी वाटलेच नाही.