१८ मालिका, १२ वर्षं आणि पुणे: घरच्या मैदानावरची भारताची घोडदौड कशी उभी राहिली, कशी थांबली?

२६ ऑक्टोबर २०२४. पुण्याजवळच्या गहुंजे इथल्या एमसीए स्टेडियमवर न्यूझीलंडने भारताला ११३ धावांनी हरवलं. सामना तिसऱ्याच दिवशी संपला. तीन कसोटींच्या मालिकेत न्यूझीलंड २-० ने पुढे गेला आणि भारतीय क्रिकेटमधला एक मोठा विक्रम तिथेच थांबला. मायदेशात सलग १८ कसोटी मालिका जिंकण्याचा तो विक्रम होता. डिसेंबर २०१२ नंतर भारत घरच्या मैदानावर एकही कसोटी मालिका हरला नव्हता.

ही घोडदौड सुरू कशी झाली? कुठे कुठे ती तुटता तुटता वाचली? अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचा तिच्याशी काय संबंध? आणि शेवटी ती संपली कशामुळे? समजून घेऊ.

विक्रम नेमका कशाचा?

इथे मोजल्या जातात त्या जिंकलेल्या मालिका, सामने नव्हेत. मालिकेत एखादी कसोटी हरली किंवा अनिर्णित राहिली, तरी मालिका जिंकली की सिलसिला चालू राहतो. मालिका बरोबरीत सुटली, तर मात्र तो तुटतो.

भारताने जिंकलेल्या १८ मालिका अशा:

- २०१३: ऑस्ट्रेलिया (४-०), वेस्ट इंडिज (२-०)
- २०१५: दक्षिण आफ्रिका (३-०)
- २०१६: न्यूझीलंड (३-०), इंग्लंड (४-०)
- २०१७: बांगलादेश (१-०), ऑस्ट्रेलिया (२-१), श्रीलंका (१-०)
- २०१८: अफगाणिस्तान (१-०), वेस्ट इंडिज (२-०)
- २०१९: दक्षिण आफ्रिका (३-०), बांगलादेश (२-०)
- २०२१: इंग्लंड (३-१), न्यूझीलंड (१-०)
- २०२२: श्रीलंका (२-०)
- २०२३: ऑस्ट्रेलिया (२-१)
- २०२४: इंग्लंड (४-१), बांगलादेश (२-०)

या मालिकांमध्ये एकूण ५३ कसोटी झाल्या. भारताने ४२ जिंकल्या, ७ अनिर्णित राहिल्या आणि फक्त ४ गमावल्या. महेंद्रसिंह धोनी, विराट कोहली आणि रोहित शर्मा अशा तीन नियमित कर्णधारांच्या काळात हा सिलसिला चालला.

याआधीचा विक्रम ऑस्ट्रेलियाचा होता. त्यांनी दोन वेगवेगळ्या कालखंडांत मायदेशात सलग १० मालिका जिंकल्या होत्या.

सुरुवात एका पराभवातून

२०१२ च्या शेवटी ॲलिस्टर कुकच्या इंग्लंडने भारतात येऊन मालिका २-१ अशी जिंकली. इंग्लंडला असं यश १९८४-८५ नंतर पहिल्यांदाच मिळालं होतं. ग्रॅमी स्वान आणि माँटी पनेसर या फिरकीपटूंनी भारताला भारताच्याच शस्त्राने हरवलं, अशी चर्चा तेव्हा झाली.

त्या मालिकेने एक पिढी बाजूला सारली. अहमदनगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा झहीर खान कोलकाता कसोटीनंतर संघाबाहेर गेला आणि त्यानंतर भारतात एकही कसोटी खेळला नाही. कारकिर्दीत ३११ कसोटी बळी घेणाऱ्या या डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाचं घरच्या मैदानावरचं पर्व तिथेच संपलं. पुढच्याच, नागपूरच्या कसोटीत रवींद्र जडेजाने पदार्पण केलं.

तीन महिन्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४-० असा विजय मिळाला आणि घोडदौड सुरू झाली. याच मालिकेतल्या शेवटच्या, दिल्लीच्या कसोटीत आणखी एक खेळाडू पहिल्यांदा भारताकडून कसोटी खेळला: अजिंक्य रहाणे. त्याचा जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. क्रिकेट मात्र तो डोंबिवली आणि मुंबईत शिकला. म्हणजे एकाच जिल्ह्यातला एक खेळाडू या पर्वाच्या उंबरठ्यावर बाहेर पडला आणि दुसरा आत आला.

धरमशाला: घोडदौड वाचली ती कसोटी

२०१७ मध्ये हा सिलसिला तुटण्याच्या अगदी जवळ पोहोचला होता. फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाविरुद्धची पहिली कसोटी गहुंज्यात झाली. या मैदानावरची ती पहिलीच कसोटी. भारताचे डाव १०५ आणि १०७ धावांत आटोपले. डावखुरा फिरकीपटू स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत प्रत्येकी ६ बळी घेतले. भारत ३३३ धावांनी हरला. २०१२ नंतर मायदेशातला तो पहिला कसोटी पराभव होता.

बेंगळुरूत भारताने पुनरागमन केलं. दुसऱ्या डावात चेतेश्वर पुजारा (९२) आणि रहाणे (५२) यांच्या ११८ धावांच्या भागीदारीने सामना फिरला आणि भारत ७५ धावांनी जिंकला. रांचीची कसोटी अनिर्णित राहिली. मालिका १-१ अशी असताना कर्णधार कोहली खांद्याच्या दुखापतीमुळे शेवटच्या कसोटीला मुकला. धरमशालाच्या त्या निर्णायक सामन्यात नेतृत्व रहाणेकडे आलं. सामना अनिर्णित राहिला असता तरी मालिका बरोबरीत सुटून सिलसिला संपला असता.

कोहलीच्या जागी फलंदाज घेण्याऐवजी मनगटी फिरकीपटू कुलदीप यादवला पदार्पणाची संधी मिळाली. त्याने पहिल्या डावात ४ बळी घेतले. चौथ्या डावात भारतासमोर १०६ धावांचं छोटं लक्ष्य होतं, पण ४६ धावांवर दोन बळी गेले होते. अशा वेळी रहाणेने २७ चेंडूंत नाबाद ३८ धावा करत दडपणच काढून टाकलं. भारताने ८ गडी राखून सामना आणि मालिका जिंकली.

रहाणेने मायदेशात तीन कसोटींत नेतृत्व केलं: धरमशाला (२०१७), अफगाणिस्तानविरुद्ध बेंगळुरू (२०१८) आणि न्यूझीलंडविरुद्ध कानपूर (२०२१). त्यातल्या दोन भारताने जिंकल्या, एक अनिर्णित राहिली.

घरच्या मैदानाचा एवढा फायदा का होतो?

प्रेक्षक, ओळखीचं हवामान, प्रवासाचा थकवा नसणं हे फायदे सगळ्याच खेळांत असतात. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्याची मोठी उदाहरणं सापडतात. केंटकी विद्यापीठाच्या पुरुष संघाने १९४३ ते १९५५ या काळात घरच्या कोर्टवर सलग १२९ सामने जिंकले. अमेरिकी पुरुष कॉलेज बास्केटबॉलमधला हा विक्रम आजही कायम आहे. जानेवारी १९५५ मध्ये जॉर्जिया टेक या तुलनेने दुबळ्या संघाने तो ५९-५८ असा मोडला. कनेटिकट विद्यापीठाच्या महिला संघाचे घरचे सलग ९९ विजय २०१२ मध्ये ५७-५६ अशा पराभवाने थांबले. गोन्झागा विद्यापीठाचा ७५ विजयांचा सिलसिला २०२३ मध्ये ६८-६७ असा संपला. तिन्ही वेळा फरक एकाच गुणाचा!

पण बास्केटबॉलमध्ये कोर्ट सगळीकडे सारख्याच मापाचं असतं आणि रिंग सगळीकडे दहा फुटांवरच असते. कसोटी क्रिकेटमध्ये मात्र खेळपट्टी यजमान तयार करतो. चेंडूही बदलतो. इंग्लंडमध्ये ड्यूक्स, ऑस्ट्रेलियात कुकाबुरा आणि भारतात मेरठमध्ये बनणारा, हाताने शिवलेला एसजी चेंडू वापरला जातो. त्यामुळे पाहुण्या संघाला खेळ तोच, पण परिस्थिती वेगळीच असा अनुभव येतो.

भारताकडे या परिस्थितीचा पुरेपूर उपयोग करणारी जोडी होती: रविचंद्रन अश्विन आणि रवींद्र जडेजा. एक उजव्या हाताने ऑफस्पिन टाकणारा, दुसरा डावखुरा. भारतातल्या कसोटींमध्ये अश्विनचे ३८० पेक्षा जास्त बळी आहेत, ते अनिल कुंबळेपेक्षाही अधिक. शिवाय दोघेही फलंदाजी करू शकत असल्यामुळे भारताला पाच गोलंदाज खेळवूनही फलंदाजी आठव्या क्रमांकापर्यंत नेता येत होती. पाहुण्या संघांना हा समतोल क्वचितच साधता आला.

या विक्रमावर आक्षेप काय?

आक्षेप तीन आहेत. पहिला, बांगलादेश (२०१७) आणि अफगाणिस्तान (२०१८) यांच्याविरुद्धच्या ‘मालिका’ एकेका कसोटीच्या होत्या आणि अफगाणिस्तानची तर ती पहिलीच कसोटी होती. दुसरा, खेळपट्ट्यांचा. नागपूर (२०१५) आणि पुणे (२०१७) इथल्या खेळपट्ट्यांना आयसीसीने ‘खराब’ असा शेरा दिला होता. तिसरा, या संपूर्ण काळात पाकिस्तानचा संघ भारतात कसोटी खेळायला आलाच नाही. त्यांचा शेवटचा कसोटी दौरा २००७ चा.

एककसोटीच्या दोन मालिका बाजूला ठेवल्या तरी १६ उरतात. ऑस्ट्रेलियाच्या जुन्या विक्रमापेक्षा त्या सहाने जास्त आहेत. खेळपट्टीचा मुद्दा मात्र इतक्या सहज निकालात निघत नाही. पुढच्या घटनांनी तो पुन्हा वर आणला.

मग २०२४ मध्ये काय बिघडलं?

१ ऑक्टोबर २०२४ रोजी कानपूरमध्ये भारताने पावसाने दोन दिवस वाया गेलेली कसोटीही जिंकली आणि १८ वी मालिका खिशात घातली. त्यानंतर अवघ्या २५ दिवसांत सगळं बदललं.

न्यूझीलंडचा संघ श्रीलंकेत २-० असा हरून आला होता. केन विल्यमसन दुखापतीमुळे संपूर्ण मालिकेला मुकला. तोवर न्यूझीलंडने भारतात फक्त दोन कसोटी जिंकल्या होत्या: नागपूर (१९६९) आणि मुंबई (१९८८). पण बेंगळुरूत ढगाळ हवेत रोहितने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि भारत ४६ धावांत गारद झाला. मायदेशातली ही भारताची नीचांकी धावसंख्या. खेळपट्टी ओळखण्यात चूक झाल्याचं रोहितने नंतर मान्य केलं. न्यूझीलंड ८ गडी राखून जिंकला.

पुण्यात खेळपट्टी फिरकीला साथ देणारी होती. भारताने वॉशिंग्टन सुंदरला संघात आणलं आणि त्याने सामन्यात ११ बळीही घेतले. तरीही भारत हरला, कारण न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १३ बळी घेतले. त्याआधी कसोटीच्या एका डावात त्याने कधीही ५ बळी घेतले नव्हते. भारताचे डाव १५६ आणि २४५ धावांत संपले. पुढे मुंबईतही न्यूझीलंड २५ धावांनी जिंकला. तिथे ११ बळी घेणारा एजाज पटेल मूळचा मुंबईतच जन्मलेला. तीन किंवा अधिक कसोटींच्या मालिकेत भारत मायदेशात सगळे सामने हरला, असं पहिल्यांदाच घडलं.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली, फिरकीची खेळपट्टी दोन्ही बाजूंनी चालते. चेंडू जास्त वळतो तेव्हा अनुभवी आणि साधारण फिरकीपटू यांच्यातलं अंतर कमी होतं. २०१७ मध्ये ओकीफने आणि २०२४ मध्ये सँटनरने, दोघांनीही पुण्यातच हे दाखवून दिलं.

दुसरी, मालिकेची लांबी. सिलसिल्यातल्या चार पराभवांपैकी तीन मालिकेच्या पहिल्याच कसोटीत झाले होते: पुणे (२०१७), चेन्नई (२०२१) आणि हैदराबाद (२०२४). प्रत्येक वेळी भारत ०-१ असा मागे पडून मालिका जिंकला. पण त्या मालिका चार किंवा पाच कसोटींच्या होत्या. न्यूझीलंडविरुद्धची मालिका तीनच कसोटींची होती. सावरायला उरलेले दोन्ही सामने जिंकणं भाग होतं.

पुण्याचं मैदान आणि तीन कसोटी

या घोडदौडीची गोष्ट एका मैदानापुरती सांगायची झाली तर ती गहुंज्याचीच. सिलसिला संपला तोवर तिथे तीनच कसोटी झाल्या होत्या. २०१७ मध्ये भारत तिथे हरला. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथेच दक्षिण आफ्रिकेला एक डाव १३७ धावांनी हरवून भारताने सलग ११ वी मालिका जिंकली आणि ऑस्ट्रेलियाचा विक्रम मोडला. कोहलीने त्या सामन्यात नाबाद २५४ धावा केल्या होत्या. आणि २०२४ मध्ये तिथेच शेवट झाला.

पुढे काय?

न्यूझीलंडकडून झालेला पराभव हा अपघात होता की बदलाची खूण, हा प्रश्न वर्षभरात पुन्हा विचारला गेला. मधल्या काळात अश्विनने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून, तर रोहित आणि कोहलीने कसोटीतून निवृत्ती घेतली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताने वेस्ट इंडिजला २-० ने हरवलं. पण नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेने कोलकाता आणि गुवाहाटी या दोन्ही कसोटी जिंकल्या. कोलकात्यात १२४ धावांचं लक्ष्य असताना भारत ९३ धावांत बाद झाला. गुवाहाटीतला ४०८ धावांचा पराभव धावांच्या फरकाने भारताचा कसोटीतला सर्वात मोठा ठरला. दक्षिण आफ्रिकेने भारतात कसोटी मालिका जिंकली ती २००० नंतर पहिल्यांदाच.

१२ वर्षांत एकही मालिका न गमावणाऱ्या संघाने १३ महिन्यांत दोन मालिका गमावल्या आणि त्यातली एकही कसोटी जिंकली नाही. खेळपट्ट्या, चेंडू, प्रेक्षक यांपैकी काहीच फारसं बदललेलं नाही. बदलले ते खेळाडू. त्यामुळे १८ मालिकांच्या विक्रमात मैदानाचा वाटा किती आणि अश्विन, जडेजा, पुजारा, रहाणे, कोहली यांच्या पिढीचा किती, याचं उत्तर आता बरंच स्पष्ट होऊ लागलं आहे.